‘इथल्यांना कळणार नाही’ हे ठरवलं कोणी?

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही ‘ओम दर-ब-दर’ दाखवला. मालवणपासून आत, खाडीकाठचं आमचं गाव. भिंतीवर पांढरी चादर ताणून लावलेली, प्रोजेक्टर शाळेचा, खुर्च्या मंगल कार्यालयातून आणलेल्या. चाळीस माणसं आली. सुट्टीत आलेले चाकरमानी होते, दोन शिक्षिका होत्या, बारावीची परीक्षा दिलेली पोरं होती आणि आंब्याच्या पेट्या भरून थेट बागेतून आलेले दोघे. सिनेमा जेमतेम शंभरेक मिनिटांचा. तासाभराने माणसं उठायला लागली. आधी मागच्या रांगेतली, मग मधली, चपला हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून वाकून. दिवे लावले तेव्हा सतरा जण उरले होते.

जिन्यातच वादाला तोंड फुटलं. “ह्या काय दाखवल्यात?” असं एकाने विचारलं, रागाने नव्हे, खऱ्या कुतूहलाने. एक निवृत्त मास्तर म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे, काहीही चिकटवायचं आणि त्याला कला म्हणायचं. बारावीतली एक मुलगी म्हणाली, मला काही लागलं नाही, पण तो मुलगा श्वास रोखून पाण्यात बसतो ते परत बघायचंय. मुंबईहून आलेले एक जाणकार गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिनेमा मोठाच आहे हो. पण इथे कशाला दाखवलात? इथल्या लोकांसाठी नाही तो. यांना काहीतरी साधं दाखवायचं.”

त्यांनी ते आपुलकीने सांगितलं. मास्तरांचा राग मी तेव्हाच विसरलो, पण हे वाक्य काही मनातून जाईना. मास्तरांनी सिनेमा शेवटपर्यंत बघून नाकारला होता. या गृहस्थांनी सिनेमा नाकारलाच नव्हता. त्यांनी माणसं नाकारली होती.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कमल स्वरूप यांचा हा हिंदी चित्रपट 1988 सालचा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून झालेला. गोष्ट अजमेर-पुष्करकडची. म्हणजे गोष्ट म्हणायची झाली तर. ओम नावाचा मुलगा, ज्योतिष सांगणारे त्याचे वडील, त्याची बहीण. मुलाला श्वास रोखून धरण्याची विद्या अवगत आहे. बेडकांच्या पोटात हिरे आहेत. एका प्रसंगाचं बोट धरून पुढच्या प्रसंगात जावं तर ते बोट मध्येच सुटतं. जाहिरात, पुराण, विज्ञानाचं पाठ्यपुस्तक आणि रेडिओवरचा कार्यक्रम, सगळं एकाच सुरात बोलायला लागतं. कुणी याला भारतीय सिनेमातली सर्वांत स्वतंत्र निर्मिती म्हणतो, कुणी निव्वळ बरळणं म्हणतो. तो थिएटरात लागला 2014 सालच्या जानेवारीत. मधली 26 वर्षं तो महोत्सवांत आणि हातोहात फिरणाऱ्या खराब प्रतींमध्ये जगला. जनतेच्या पैशातून झालेली वस्तू जनतेसमोर यायला 26 वर्षं लागली, आणि त्या सगळ्या काळात त्याची स्तुती करणारे आणि त्याला नावं ठेवणारे यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं: सामान्य प्रेक्षकाला हा झेपणार नाही. सामान्य प्रेक्षकाला कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या रात्रीचं राहिलेलं सांगतो. आंब्याच्या बागेतून आलेल्या दोघांपैकी एक साठी उलटलेले गृहस्थ खुर्च्या रचायला थांबले होते. चार खुर्च्या एकात एक घालता घालता ते म्हणाले, “बेडकाचा माका पटला.” मी विचारलं, ते कसं? तर म्हणाले, “आमी कोचीनाक होतंव. कोळंबीच्या कंपनीत. एका बाजूक कोळंबी सोलूची, दुसऱ्या बाजूक बेडकांचे पाय. पेटये भरून परदेशात जायत. शेतातलो बेडूक, पण डॉलर हाडी. मगे तेच्या पोटात हिरे नाय तर काय?”

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. या सिनेमावरचं मी मिळेल ते वाचलेलं आहे. बेडूक म्हणजे नेणीव, बेडूक म्हणजे पुराणातली प्रतिमा, बेडूक म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतलं विच्छेदन, असं बरंच. पण बेडूक म्हणजे निर्यातीचा माल हे मी कुठे वाचलं नव्हतं. आणि हे काही ओढूनताणून नव्हे. गोठवलेल्या बेडकांच्या तंगड्या एके काळी आपल्या देशातून अमेरिकेला आणि युरोपला जहाजं भरून जात. शेतातले बेडूक संपत चालले, भातावरची कीड खाणारं कुणी उरेना, अशी ओरड झाली आणि सरकारने 1987 साली ही निर्यात बंद केली. सिनेमा त्याच्या पुढच्या वर्षीचा. दिग्दर्शकाच्या मनात नेमकं काय होतं हा इथे प्रश्नच नाही. ज्या काळात बेडकाच्या पोटातून खरोखर परकीय चलन निघत होतं त्या काळातलं ते चित्र आहे, आणि ते ओळखायला कोचीच्या कारखान्यात हात गारठवलेला माणूस लागला. त्याला आधी कुणी हा सिनेमा दाखवला असता तर हे वाचन आपल्याला आधी मिळालं असतं.

‘कळणं’ या शब्दाचा आपण फार छळ मांडला आहे. शाळेत कवितेखाली ‘कवीला काय सुचवायचे आहे’ असा प्रश्न असतो आणि त्याचं एक उत्तर गाईडात असतं. तीच सवय घेऊन आपण सिनेमाला बसतो. गाईडातलं उत्तर सापडलं नाही की दोनच वाटा उरतात: एक तर मी अडाणी, नाही तर दिग्दर्शक लबाड. प्रेक्षक आणि समीक्षक यांच्यातलं सगळं भांडण या दोन वाटांवर चालतं. समीक्षक म्हणतो तुम्ही अडाणी, प्रेक्षक म्हणतो तुम्ही सगळे मिळून लबाड. पडद्यावर काय दिसलं याबद्दल कुणीच बोलत नाही.

पण कोकणातल्या माणसाला अतर्क्याची ओळख नवी करून द्यायची आहे का? माझं लहानपण दशावतार बघण्यात गेलं. देवळासमोर माटव म्हणजे मांडव, कार्तिकातली थंडी, आईच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला मी. रंगमंचावर सामान काय, तर एक लाकडी बाकडं. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, त्यावर बसली की ते सिंहासन. त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या की राजा अरण्यात पोचला. त्यावर उभं राहून कुणी खाली उडी टाकली की तो कडा. थोड्या वेळाने त्याच बाकड्यावर राणी आजारी म्हणून निजते, आणि ती राणी म्हणजे दुपारी काजूच्या बागेत काम करणारा, रंगपटात बसून स्वतःच्या हाताने तोंड रंगवलेला बाप्या. हे सगळं आम्हाला दिसत होतं. आमच्यापासून कुणी काही लपवलेलं नव्हतं, आणि तरी राणी रडली की बायका पदर डोळ्याला लावत.

आड दशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर वेद चोरून नेतो. काळ्या कपड्यातला, उड्या मारणारा, आणि बोलतो ठेठ मालवणीत. ब्रह्मदेव शुद्ध भाषेत, संकासुर मालवणीत. बोलता बोलता तो वेद सोडून गावातल्या रस्त्याच्या खड्ड्यांवर येतो, समोर बसलेल्या पुढाऱ्याला टोमणा मारतो आणि परत सत्ययुगात जातो. काळ इकडचा तिकडे होतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. संवाद लिहिलेले नसतात, नाईक, म्हणजे सूत्रधार, पेटीवर सूर धरून बसलेला आणि नट तिथल्या तिथे बोलतो. रात्री तीनला आपला डोळा लागतो, पाचला उघडतो, तोवर राक्षस मेलेला असतो आणि आपण शेजाऱ्याला विचारत नाही, मध्ये काय झालं म्हणून. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, माणसं दवाने भिजलेल्या पायवाटेने घरी जातात. या बघण्याला आमच्या गावात कुणी कधी कठीण म्हटलं नाही.

ही तुलना मी पूर्वीही केली आहे आणि तिच्यावर एक आक्षेप आला तो रास्त होता, म्हणून तो टाळत नाही. दशावतारातल्या एका नटानेच तो घेतला. म्हणाला, आमचं आख्यान लोकांना ठाऊक असतं. कीचक मरणार, द्रौपदी सुटणार हे पोराटोरांनाही माहीत. पायाखाली जमीन घट्ट आहे म्हणून आम्ही वर कितीही गिरक्या घेतो. तुमच्या त्या सिनेमात जमीनच नाही. माणसाने पाय कुठे ठेवायचा?

हे खरं आहे, आणि बहुतेक वेळा प्रेक्षक उठून जातो तो नेमका यासाठी. त्याला उगाच अधांतरी लटकवल्यासारखं होतं. पण मग प्रश्न जमिनीचा आहे, माणसाच्या कुवतीचा नाही. आणि जमीन तयार करता येते. दशावताराची जमीन तरी आभाळातून पडली का? पिढ्यान्‌पिढ्या हरदासांनी कीर्तनं केली, आज्यांनी गोष्टी सांगितल्या, चुलीपुढे आणि पडवीत रामायण-महाभारत बोललं गेलं, तेव्हा कुठे जत्रेतलं पोरगं कीचकाला ओळखू लागलं. तसं या सिनेमासाठी कुणी काय केलं? वर्षाला एक खेळ, त्यावर चर्चा नाही, दुसऱ्यांदा बघायची सोय नाही, आधी कुणी दोन शब्द बोलणार नाही, आणि नंतर निकाल: यांना कळत नाही.

एके काळी सरकारने थोडी जमीन केली होती, नकळत का होईना. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले नावाजलेले सिनेमे लागत. आमच्या वाडीत तेव्हा एकच टीव्ही. जेवणं आटोपून बाया माणसं तिथे जमत. मल्याळम असो, बंगाली असो, असमिया असो. खाली इंग्रजी अक्षरं येत ती वाचणारं वाडीत कुणी नव्हतं. तरी बघत. एका मल्याळम सिनेमात बराच वेळ फक्त एक बाई विहिरीवर पाणी काढत होती. माझी आजी म्हणाली, हिचा आणि घोवाचा काहीतरी बिनसलाहा, रहाट बघ कसो वडता. पुढे तसंच निघालं. भाषा कळत नव्हती म्हणून तिचे डोळे अधिक चालत होते. ती दुपार मग बंद झाली. शेकडो वाहिन्या आल्या आणि त्यात रविवारची ती एक दुपार काही कुणाला सापडली नाही.

आता उरले महोत्सव. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीला भरतो, दर नोव्हेंबरात. सावंतवाडीहून पणजी जेमतेम दीड-दोन तास. जगभरातले सिनेमे आमच्या उंबरठ्यापर्यंत येतात आणि आठ-नऊ दिवसांनी विमानाने परत जातात. गोव्याच्या सीमेवरचं बांदा ओलांडून त्यातला एकही आमच्या बाजूला आलेला मी पाहिला नाही. अक्षय इंडीकर यांचा ‘स्थलपुराण’ कोकणात घडतो, वडील हरवलेल्या एका लहान मुलाच्या नजरेतून कोकणचा पाऊस आणि समुद्र दाखवतो. 2020 साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. आमच्या पंचक्रोशीत तो पडद्यावर पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमचा पाऊस बर्लिनने पाहिला, आम्ही नाही.

कुणी म्हणेल, लोकांना नको असेल तर सार्वजनिक पैसा असल्या सिनेमावर का घालवायचा? रस्ते नाहीत, दवाखान्यात डॉक्टर नाहीत. हा प्रश्न मी फालतू मानत नाही, आमच्या गावचा रस्ता मलाही रोज भेटतो. पण पैसा सिनेमा काढण्यावर आधीच खर्च होतो आहे. 1960 साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं तेव्हापासून सरकार वेगळ्या वाटेच्या सिनेमाला पैसे देत आलं. चुकलं ते इतकंच की सिनेमा काढायला दिले आणि दाखवायला दिले नाहीत. विहीर खणली, रहाट बसवला नाही. तालुक्याच्या नाट्यगृहांना महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखायला किती खर्च येईल? बहुतेक नाट्यगृहं आठवड्यातले चार दिवस कुलूपबंदच असतात.

समीक्षकांशीही माझं भांडण आहे, आणि ते जरा अधिक जिव्हाळ्याचं, कारण मी त्यांचं वाचून वाढलो. 1929 साली पॅरिसमध्ये स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दाली यांचा पहिला लघुपट दाखवला गेला. तर्काने ज्याचा खुलासा करता येईल असं एकही चित्र ठेवायचं नाही हा दोघांनी मिळून केलेला नियम होता. प्रेक्षक अंगावर आले तर मारायला बुन्युएल खिशात दगड घेऊन पडद्यामागे उभे होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. दगड लागले नाहीत, टाळ्या पडल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या सिनेमाच्या वेळी पडद्यावर शाई फेकली गेली आणि बंदी आली ती सुमारे 50 वर्षं टिकली. 1960 साली कान महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनींच्या ‘लाव्हेंतुरा’ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्याच महोत्सवात त्याला ज्यूरींचा पुरस्कार मिळाला. हे दाखले आपले समीक्षक वारंवार देतात, आणि त्यातून एक सोयीस्कर सूत्र काढतात: हुर्यो उडाली म्हणजे श्रेष्ठ कृती. तसं असतं तर काय हवं होतं! हुर्यो उडालेले बहुतेक सिनेमे विसरले गेले, आणि ते विसरण्याच्याच लायकीचे होते. पणजीत मी असे कितीतरी बसून बघितले आहेत. धुकं, आरसा, न बोलणारी बाई, उलटी चालणारी घड्याळं. त्यातली चित्रं एकमेकांच्या जागी ठेवली तरी काही बिघडलं नसतं. जिथे काहीही चालतं तिथे कशालाच वजन राहत नाही, आणि प्रेक्षकाला ते बरोबर समजतं.

म्हणून माझी समीक्षकाकडून अपेक्षा साधी आहे. त्याने पडद्यावर काय दिसतं ते सांगावं. कोणत्या चित्रानंतर कोणतं चित्र येतं आणि त्याने पोटात काय हललं ते सांगावं. ‘हा अनुभवण्याचा सिनेमा आहे’ या वाक्याने मला काहीच मिळत नाही. गंगाराम गवाणकरांचं मालवणी ‘वस्त्रहरण’ 1980 साली आलं तेव्हा सुरुवातीला मुंबईत प्रेक्षक नव्हते. पुलंनी ते पाहिलं, त्यावर मनापासून लिहिलं, आणि मग माणसं आली ती हजारो प्रयोग येत राहिली. नाटकाची संहिता तीच, नट तेच. फक्त कुणीतरी भरवशाच्या माणसाने ‘मी हसलो, कुठे हसलो ते सांगतो’ असं म्हटलं. मालवणी मुंबईकरांना कळणार नाही, अशी खात्री बाळगणारेही तेव्हा असणारच.

न आवडण्याचा हक्क मला आवडण्याच्या हक्काइतकाच मोलाचा वाटतो. आमच्या मास्तरांनी तो बजावला. त्यांनी पुढच्या सभेत दोन कागद भरून टिपण आणलं, ‘ओम दर-ब-दर’मध्ये कुठे कुठे दिग्दर्शक नुसता खेळतो आहे आणि कुठे त्याला खरंच काही सापडलं आहे, असं वेगवेगळं लिहून. पाच जागा त्यांनी दुसऱ्या बाजूला टाकल्या होत्या. फसवणूक हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही, आणि घ्यावा असं मला वाटतही नाही. या सिनेमावरचं इतकं बारीक लेखन मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

आणि ते उठून गेलेले तेवीस जण. त्या रात्री मी त्यांना सिनेमाचा पराभव मानला होता. नंतर सहज चौकशी केली तेव्हा कळलं की त्यातले तेरा खाडीपलीकडच्या वाड्यांतले होते. वस्तीची एसटी सव्वासातला सुटते, ती चुकली की पाच किलोमीटर चालत जायचं. सिनेमा आम्ही सहाला लावला होता. एक बाई बोलली, “बेडूक सापडले काय तेंका शेवटाक?” तिला पुढचं ऐकायचं होतं. मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं की सांगून काही उपयोग नाही.

जूनमध्ये प्रयोग परत ठेवला आहे, तोच सिनेमा, यावेळी दुपारी साडेतीनला. कोचीच्या कारखान्यातले काका सुरुवातीला पाच मिनिटं बोलायला तयार झाले आहेत. पाऊस लागला तर माडीचे कौल गळतात, तेवढे आधी शाकारून घ्यायचे आहेत.